मी खुर्ची सोडत नाही!

त्या दिवशी मी सासूबाईंचं तोंड कायमचं बंद करणार होतो! तुम्हाला म्हणून सांगतो, लग्नाआधी त्यांच्या घरी एक झुरळ उडालं आणि मी टेबलावर चढलो. तेव्हापासून त्या मला 'शूरवीर' म्हणतात. तेही चारचौघांत! म्हणून समुद्रातला तो जुना लाकडी धक्का बघायला जायचं ठरलं, तेव्हा मीच छाती काढून म्हणालो, "आईंना मी नेतो. अगदी टोकापर्यंत!" त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. फार चालायचं नाही, म्हणून चाकांची खुर्ची घेतली.

पहिली काही पावलं ऐटीत टाकली. मग खाली बघितलं. फळ्याफळ्यांमध्ये बोटबोट फट, आणि फटीतून थेट समुद्र! उसळणारा! मी खुर्चीच्या मुठी गच्च आवळल्या.

"शंभरी ओलांडली म्हणे या धक्क्याने," बायको कौतुकाने म्हणाली.

"म्हणजे आता कधीही जाईल!"

"काय म्हणालात?"

"छान आहे म्हटलं!"

समोरून येणाऱ्या एक बाई थबकल्या. "मुलगा का हो?"

"जावई," सासूबाई म्हणाल्या.

"अगंबाई! काय घट्ट धरून नेतोय! नशीब लागतं हो!"

बायको म्हणाली, "दमलात ना? द्या, मी ढकलते."

"अजिबात नाही!" मी किंचाळलो. खुर्ची सोडली असती तर तिथेच आडवा झालो असतो! सासूबाईंनी वळून पाहिलं. जन्मात पहिल्यांदा मायेने! आता माघार कसली घेणार!

टोकाला लोक गळ टाकून बसले होते. त्यातला एक टोपीवाला म्हणाला, "साहेब, एवढी काठी धरा हो, चहा घेऊन आलोच." नको म्हणेपर्यंत काठी माझ्या हातात! देवा, काहीही कर, पण आत्ता मासा पाठवू नकोस!

देवाने नेमका तोच पाठवला. काठीला असा हिसका बसला की मला अख्खा धक्काच हलल्यासारखा वाटला.

"धक्का कोसळला! पळा!" मी बोंब ठोकली.

चारपाच जण खरंच पळाले! सासूबाई मात्र खुर्चीतून उठल्या, काठी हिसकावली आणि वर काढला मासा. माझ्या तळहाताएवढा! आणि मी? मटकन त्यांच्याच खुर्चीत बसलो.

"आई, उठवत नाही हो," मी सांगून टाकलं. "भीती वाटते. पहिल्या फळीपासून वाटतेय."

आता 'शूरवीर' ऐकावं लागणार म्हणून मी डोळे मिटले. पण त्यांनी काठी खाली ठेवली. खुर्ची वळवली आणि ढकलायला लागल्या.

"अगं आई, तुझा गुडघा!" बायको ओरडली.

"माझा बरा आहे. यांचे दोन्ही गेलेत."

वाटेत मघाच्याच बाई! "अगंबाई, हे काय?"

"जावई," सासूबाई म्हणाल्या. "घट्ट धरून नेतेय."

लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठावं म्हणून मी एक डोळा किलकिला केला. फटीत पाणीच पाणी!

म्हटलं, "आई, जरा जोरात ढकला ना!"