आठ काड्यांचा वॉर्ड

निवृत्तीला अकरा वर्षे झाली तरी मेट्रनबाई सकाळी सहाच्या ठोक्याला फेरीला निघत. पूर्वी समोर चाळीस खाटा असत. आता फ्रिजवर ठेवलेला प्लास्टिकचा एक डबा होता. त्यात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड अशा अंजिराच्या आठ काड्या पहुडल्या होत्या.

त्यांच्या आईने लावलेले अंजिराचे झाड रस्ता रुंद करताना मुळासकट गेले होते. कुऱ्हाड पडण्याआधी धाकट्या भावाने नवी रोपे करायला सोळा काड्या कापून घेतल्या, आठ स्वतःकडे ठेवल्या आणि आठ बहिणीच्या हाती दिल्या.

"ताई, माझ्या हाताला काही यश नाही. सगळी भिस्त तुझ्यावर," तो म्हणाला होता. उभ्या जन्मात एक कुंडीही न सांभाळलेल्या मेट्रनबाईंनी यावर केवळ मान हलवली. चाळीस माणसे सांभाळणाऱ्या बाईला आठ काड्या जड नव्हत्या.

रोपवाटिकेच्या मालकाने तीन गोष्टी सांगितल्या होत्या: ऊब हवी, जेमतेम ओल हवी आणि सारखा हात लावायचा नाही. पहिल्या दोन मेट्रनबाईंनी लिहून घेतल्या. तिसरी त्यांना उद्देशून असेल असे त्यांना वाटलेच नाही.

पहिल्याच दिवशी त्यांना काड्यांचा गबाळेपणा खुपला. एक टोक तिरके, एक सरळ. त्यांनी कात्री उकळून घेतली आणि आठही काड्यांची सोळाही टोके एकसारखी सरळ केली.

"आई, हे काय केलंत?" सुनेने विचारले.

"शिस्त लावली."

"अहो, तिरकं टोक खालचं होतं. मामांनी मुद्दाम तसं कापलं होतं, ओळखू यावं म्हणून."

मेट्रनबाईंनी कात्री पुसून ठेवली. "सध्या त्या आडव्याच आहेत," त्या म्हणाल्या. "आडव्या पेशंटला वर काय न् खाली काय."

प्रत्येक काडीला क्रमांक मिळाला, तक्ता मिळाला. रोज सकाळ-संध्याकाळ कागद उलगडून मुळे फुटली का, याची तपासणी होऊ लागली. कागद सुकलेला दिसला की त्या पाणी शिंपडत, आणि ओला दिसला तरी, सुकू नये म्हणून, शिंपडत.

नवव्या दिवशी दोन नंबरला हिरवेगार पान फुटले. मेट्रनबाईंनी लगेच भावाला फोन करून रविवारी बोलावले, आणि मग मोठ्या दिमाखात रोपवाटिकेलाही कळवले.

"मुळं आहेत का?" मालकाने विचारले.

"पान आहे."

"बाई, मुळांशिवाय पान म्हणजे काडी अंगातलं होतं नव्हतं ते उधळतेय. फार आशा धरू नका."

दुसऱ्या दिवशी पानाने मान टाकली. तिसऱ्या दिवशी कागदावर पांढरी बुरशी दिसली आणि मेट्रनबाईंचे रक्त उसळले. त्यांच्या वॉर्डात तीस वर्षांत असला प्रकार घडला नव्हता. त्यांनी कपाटातले जंतुनाशक काढले आणि फरशीसाठी जेवढे कडक करतात तेवढेच कडक पाणी करून एकेक काडी त्यात बुडवली.

"आई, जरा फोन करून विचारूया का?"

"जंतूंबद्दल मी कुणाला विचारू?"

जंतू गेले. शनिवारपर्यंत त्यांच्यामागोमाग सात काड्याही गेल्या. काळ्या पडल्या, बोटाने दाबल्या तर शिजल्यासारख्या मऊ लागत. मेट्रनबाईंनी सात तक्त्यांवर आडवी रेघ मारली. त्या अंजिराच्या झाडाखाली बसून त्यांनी नर्सिंगचा अभ्यास केला होता, आणि आई न बोलता शेजारी अंजिरांची वाटी ठेवून जात असे. आता झाड नव्हते, आई नव्हती, आणि मागे राहिलेले जे काही होते ते त्यांनी स्वतःच्या हाताने, अत्यंत स्वच्छतेने, संपवले होते.

रविवारी भाऊ आला आणि चप्पल न काढताच दारात उभा राहिला.

"माझ्या हातून घोटाळा झालाय," मेट्रनबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या घरात पूर्वी कुणी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

भाऊ खुर्चीत कोसळला. "ताई, असं नको म्हणूस. मी तुझ्याकडे मागायला आलोय. माझ्या आठही मी खिडकीतल्या उन्हात ठेवल्या. कुरकुरीत झाल्या गं."

मेट्रनबाईंनी उरलेली आठ नंबरची काडी उचलली आणि सवयीने जंतुनाशकाच्या बाटलीकडे हात नेला. तेवढ्यात सुनेने त्यांचे मनगट धरले. काडीच्या एका टोकाला तांदळाच्या कणीएवढे तीन पांढरे फुगवटे आले होते.

"मूळ फुटतंय," सून म्हणाली. तिने काडी घेतली, एक कोरडा कागद ओला करून घट्ट पिळला, काडी त्यात गुंडाळली आणि डबा उचलून आपल्या खोलीत नेला. बाहेर आली ती दार ओढून घेऊनच. "आता तीन आठवडे हिला कुणी बघायचं नाही. आई, तुम्ही तर नाहीच. मामा, तुम्हीसुद्धा."

"अगं, पण रोजची तपासणी?"

"ती बंद."

मेट्रनबाईंनी जंतुनाशकाची बाटली उचलून कपाटात ठेवली.

पुढच्या रविवारी भाऊ पुन्हा आला. बंद दाराबाहेर दोन खुर्च्या टाकून बहीणभाऊ हात मांडीवर ठेवून बसले. चार वाजता सून बाहेर आली तशी मेट्रनबाई उठून उभ्या राहिल्या.

"कशी आहे गं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारले.

सुनेने त्यांच्याकडे पाहिले आणि त्यांनी स्वतः तीस वर्षे दाराबाहेरच्या नातेवाइकांना दिलेले उत्तर, नेमक्या त्यांच्याच कोरड्या सुरात, दिले.

"आताच काही सांगता येत नाही. तुम्ही बसून घ्या."

मेट्रनबाई बसल्या.