कोटाशिवाय प्रवेश नाही

शहरातल्या सर्वांत जुन्या शिंपीगल्लीला वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि तिला वाचवायचं ठरलं. या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचे बंद गळ्याचे लांब कोट शिवले जात. पाहणीअंती वारसा समितीच्या असं निदर्शनास आलं, की ऐतिहासिक वातावरणाला मुख्य बाधा गिऱ्हाइकांची आहे. ती जीन्स घालून येतात. सबब, पारंपरिक कोटाशिवाय कोणालाही आत सोडू नये, असा ठराव झाला.

"पण साहेब, कोट असता तर माणूस आमच्याकडे कशाला आला असता?" शिंपीमास्तरांनी विचारलं.

"मुद्दा विचाराधीन आहे," समितीचे सचिव म्हणाले. "तोवर सहकार्य करा."

मास्तरांनी सहकार्य केलं. पंचाईत एवढीच, की लेकीचं लग्न तोंडावर आलेलं आणि जावयाचा कोट आपण शिवणार, असा त्यांचा शब्द गेलेला. कोट कच्च्या टाक्यांनी जोडून तयार होता, फक्त अंगावर घालून बघायचा उरला होता. जावई गल्लीच्या तोंडाशी शर्टात ताटकळत होता.

"मी कोट बाहेर आणून अंगावर बघतो," मास्तर म्हणाले.

"अर्धवट माल बाहेर न्यायला बंदी आहे," रखवालदार म्हणाला, "आणि अर्धवट माणूस आत यायला."

पण माणूस मायाळू होता. त्याने गणवेशाचा कोट उतरवून जावयाला दिला. जावई आत गेला. आता रखवालदारच कोटाशिवाय उरला. नियमाचा पक्का असल्याने त्याने स्वतःला गल्लीबाहेर काढलं.

नेमके तेव्हाच सचिव आले. रखवालदाराच्या शिस्तीचं त्यांनी कौतुक केलं आणि उसन्या कोटावरही बंदी घातली. एक बाही चढवलेल्या जावयाला नव्या कोटातून सोडवून बाहेर पोचवण्यात आलं. पलीकडच्या मॉलमधून त्याने लग्नासाठी तयार कोट घेतला.

"अहो, जावयाच्या अंगावर बाजारचा कोट? लोक काय म्हणतील?" मास्तरांची बायको म्हणाली.

"काही नाही म्हणणार. सगळे तिथूनच घेतायत," मास्तर म्हणाले.

मास्तर रात्रभर तो कच्चा कोट मांडीवर घेऊन बसले.

पुढे गल्लीला 'जिवंत परंपरा' पुरस्कार मिळाला. समारंभाला झाडून सगळे लांब कोटात आले. परंपरेच्या नावाने टाळ्या सुरू झाल्या, तशा कोटांच्या बगला उसवू लागल्या. मास्तर सुई-दोरा घेऊन पुढे सरसावले. सचिवांनी नजरेनेच त्यांना खाली बसवलं. मास्तरांच्या पुढच्याच खुर्चीत तुम्ही होता. तुमचाही कोट चर्रकन फाटला. तुम्ही कोपर अंगाशी घट्ट दाबलंत आणि टाळ्या चालू ठेवल्यात.