दवाखान्यातलं गाऱ्हाणं

आमच्या पार्से गावात माझ्यापेक्षा दणदणीत आवाज कोणाचा असेल, तर त्याने समोर यावं! देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. देवापुढे नारळ ठेवून मी एकेक मागणं मांडतो, शेवटी 'रे महाराजा!' म्हणतो, आणि अख्खा गाव एका सुरात ओरडतो, 'व्हय महाराजा!' एरवी मी डॉक्टर क्षमाबाईंच्या दवाखान्यात कंपाउंडर.

यंदा तापाची साथ आली आणि दवाखान्याची जत्रा झाली. तापवाले, गुडघेवाले, सहज बीपी बघायला आलेले, सगळे एकाच बाकावर मांडीला मांडी लावून! आरोग्य खात्याचे प्रशांतसाहेब बजावून गेले, "शुक्रवारी परत येतो. हीच गर्दी दिसली तर साथ सरेपर्यंत दवाखाना बंद!"

म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसांनी म्हापशाचं इस्पितळ गाठायचं, आणि मी घरी बसायचं?

"बाई, शुक्रवारचं माझ्यावर सोडा!" मी छाती ठोकून म्हटलं.

"काका, नुसतं समजावून सांगा हं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तापवाले आंब्याखाली, बाकीचे व्हरांड्यात, मास्क सगळ्यांना. एवढंच."

घरी भाग्यलक्ष्मीला, म्हणजे आमच्या मंडळींना, सांगितलं तर ती फिस्सकन हसली. "घरात तुमचा कोण आयकत नाय, थंय काय आयकतले!"

शुक्रवारी मी देवळातला स्पीकर आणून पायरीवर ठेवला. खरं सांगू? साहेब येणार म्हणून त्या दिवशी माणसं आधीच शहाण्यासारखी बसली होती. तापवाले आंब्याखाली, बाकीचे व्हरांड्यात, मास्क जिथल्या तिथे. मी गप्प राहिलो असतो तरी भागलं असतं! पण एवढा स्पीकर उचलून आणला होता ना.

माइक हातात आला आणि जीभ आपोआप सवयीच्या वाटेला लागली.

"बा देवा महाराजा! ही जी काय तापाची साथ इली हा, ती गावाभायर कर, रे महाराजा!"

झालं! सगळे ताडकन उठले, चपला काढल्या, हात जोडले, मास्क हनुवटीवर ओढले आणि दणकून म्हणाले, "व्हय महाराजा!"

मी हबकलोच! पण म्हटलं, आता यातूनच सांगू. "सगळ्यांनी लांब लांब बसाचा, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" म्हणत सगळे चार पावलं जवळ आले. गाऱ्हाण्याला लांबून कोण साथ देतो? आंब्याखालचे तापवाले व्हरांड्यात घुसले. एकशे दोन ताप असलेले सखारामआजोबा थेट माझ्या खांद्याला खांदा लावून उभे!

"अरे मास्क वर करा! मागे व्हा!" मी किंचाळलो.

"सगुण!" आजोबा कडाडले. "गाऱ्हाणा मधीच तोडतस? गावाचा काय वायट झाला तर?"

स्पीकरचं तोंड रस्त्याकडे होतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! गाऱ्हाणं सुरू झालं म्हणून शेतातली माणसं धावत आली. दारोदार पाव विकणारा पोदेर टोपली घेऊन सायकलवरून उतरला. शेजारची वत्सलामावशी धापा टाकत आली आणि थर्मामीटरच्या टेबलावर नारळ, केळी, विडा मांडून मोकळी. "नारळ नसताना कसला रे तुझा गाऱ्हाणा!"

नेमकी तेव्हाच साहेबांची जीप आली, आणि हातातला पेशंट संपवून डॉक्टरबाईही बाहेर आल्या. साहेब दारातच थिजले.

"चपला काढा साहेबानू," मावशी म्हणाली. साहेबांनी बूट काढले! मग भानावर आले आणि पांढरेफटक पडले. "मॅडम, हे काय आहे? ताबडतोब बंद करा दवाखाना!"

हे मी काय करून बसलो!

तेवढ्यात डॉक्टरबाईंनी माझ्या हातातला माइक हिसकावला. डिचोलीकडच्या सर्वणची ही लेक, वडिलांचं गाऱ्हाणं ऐकत वाढलेली. पण मऊ बोलणाऱ्या या बाईच्या गळ्यातून असा आवाज निघेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं!

"बा देवा महाराजा! ताप असलेले आंब्याखाली जावंदेत! दुखणेकरी व्हरांड्यात, हातभर नाय, चांगले दोन हात अंतर ठेवून बसांदेत! बघूक इलेले घराकडे जावंदेत, हात धुवंदेत आणि ताप इलो तर घरात लपवून नाय ठेवंदेत! तोंडावरचो मास्क कोणी काढूचो नाय, आणि 'व्हय' म्हणाचा ता नुसती मान हलवून, रे महाराजा!"

चिडीचूप! सगळ्यांनी मास्क वर ओढले आणि माना हलवल्या. देवाला दिलेला शब्द तो! बघता बघता अंगण रिकामं झालं. पोदेर सायकल घेऊन गुपचूप निघाला. सखारामआजोबा मुकाट्याने आंब्याखाली जाऊन बसले.

साहेबांनी बूट घातले, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "चालू राहू दे. पण हे असंच राहिलं पाहिजे."

मी सुटकेचा श्वास सोडला आणि माइक परत घ्यायला हात पुढे केला. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग माइक पुन्हा तोंडाशी नेला.

"आणि ही साथ सरेपर्यंत ह्या सगुणकाकांच्या हातात माइक पडाचो नाय, रे महाराजा!"

व्हरांड्यातल्या, आंब्याखालच्या, सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. साहेबांचीसुद्धा! आवाज कोणीच केला नाही. फक्त फाटकापाशी माझा डबा घेऊन उभ्या असलेल्या एका बाईला राहवलं नाही, आणि मास्कच्या आडूनही अख्ख्या पार्से गावात ऐकू जाईल असं ती ओरडली,

"व्हय महाराजा!"

आमची भाग्यलक्ष्मी, दुसरं कोण!