अध्यक्षपदी गैरहजर सभासदाची एकमताने निवड

संस्थेची प्रकृती तिच्या सभासदांवरून जोखण्याची चूक सामान्य माणूस नेहमी करतो. जाणकार माणूस पदं मोजतो. मिशिगनच्या पार वरच्या टोकाला टॅमरॅक कॉर्नर्स म्हणून गाव आहे, तिथल्या स्नोमोबाइल क्लबात सभासद अकरा आणि पदं चौदा आहेत. म्हणजे बेकारी शून्याच्याही खाली. भल्याभल्या सरकारांना हे जमलेलं नाही.

क्लबाला उतरती कळा लागली आहे असं बाहेरचे लोक म्हणतात. त्यात तथ्य एवढंच की बर्फावर धावणाऱ्या गाड्यांना बर्फ लागतो, आणि तो हल्ली गुरुवारी पडतो आणि शनिवारी, लोकांना सुट्टी लागली की, पावसात वाहून जातो. बाकी सगळं जागच्या जागी आहे. हिमसमिती दर महिन्याला अहवाल देते (“बर्फ नाही. समिती वाट बघत आहे.”). रस्त्यावरच्या बर्फाला इस्त्री करणारं भलं मोठं यंत्र शनिवारी शेडमध्येच सुरू करतात. सभासद कोंडाळं करून त्याचा आवाज ऐकतात, मान डोलावतात आणि यंत्र बंद करून कॉफी प्यायला जातात. तरुण पिढीला आवड नाही हा ठराव दर वर्षी एकमताने मंजूर होतो. (सर्वांत तरुण सभासद रे लाफोर्ज. त्याला तीन नातवंडं आहेत.)

गोठलेल्या तळ्यावर जुनी मोटार उभी करायची आणि वसंतात ती कधी बुडेल यावर पैजा लावायच्या, ही क्लबाची जुनी प्रथा. मोटार पेलेल एवढा बर्फ धरेना तेव्हा क्लबाने हात टेकले नाहीत. मोटारीऐवजी स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवायचं ठरलं. गेल्या वर्षी ती ठेवायला रे लाफोर्ज गेला आणि खुर्चीच्या आधी तो स्वतःच कंबरेपर्यंत बुडाला. ज्याने जवळची तारीख धरली होती त्याला बक्षीस देण्यात आलं.

तरीही या क्लबाचा एक विक्रम असा आहे की तो बघायला दुसऱ्या जिल्ह्यांतून लोक येतात. ऑक्टोबरमधल्या वार्षिक सभेला इथे शंभर टक्के हजेरी असते. ताप आलेले येतात, पाय मोडलेले येतात. चिटणीस डेल ट्रेम्बाथ तर मुलीच्या लग्नातून, केक कापायच्या आत, सूट घालून आला होता. या निष्ठेचं मूळ क्लबाच्या एका साध्या नियमात आहे. जो सभेला गैरहजर राहील तो अध्यक्ष.

नॉर्बर्ट हाराला नावाचा सभासद एका ऑक्टोबरात हर्नियाच्या ऑपरेशनला गेला होता. शुद्धीवर आला तेव्हा तो अध्यक्ष होता. त्यानंतर किती ऑक्टोबर आले आणि गेले, पण कुणी गैरहजर म्हणून राहिला नाही. राजीनाम्याची सोय घटनेत आहे. राजीनामा अध्यक्षाकडे द्यायचा असतो. नॉर्बर्टने तो दोनदा दिला, आणि क्लबाची परिस्थिती लक्षात घेऊन दोन्ही वेळा नामंजूर केला.

अध्यक्षाने हिवाळाभर गाव सोडायचं नाही असाही संकेत होता, कारण तो गावात नसताना बर्फ पडला तर काय घ्या. त्यामुळे मुलगी ॲरिझोनात राहायला गेल्यापासून नॉर्बर्टची बायको जोॲन नाताळात तिला फोनवरच बघत होती. या वर्षी उन्हाळा सरता सरता तिने भांडी विसळता विसळता निकाल दिला.

“या हिवाळ्यात मी पोरीकडे जाणार. हरणांची शिकार सुरू होते ना, त्या सकाळी गाडी काढणार. तुला यायचं असेल तर शेजारी बस. नाहीतर ते अध्यक्षपद पांघरून झोप इथेच.”

नॉर्बर्टने तिची मनधरणी केली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला होता की जोॲन ओरडत असेल तर वेळ आहे, आणि शांतपणे बोलत असेल तर सामान भरायला घ्यावं.

ऑगस्टमध्ये वॉल्टर कार्वोनेन वारला. जुना सभासद, सरळ माणूस, गावभर हळहळ झाली. नॉर्बर्ट तर रडला, आणि ते रडणं खरं होतं. दोघांनी तरुणपणी देवदारांच्या दलदलीतून झाडं तोडून क्लबाचा रस्ता काढला होता. ऑक्टोबरच्या सभेत डेलने हजेरी घेतली. वॉल्टरचं नाव पटावर तसंच होतं, कारण नाव कमी करायचं तर सभासदाने स्वतः येऊन कारण सांगावं लागतं. डेलने नाव पुकारलं. कुणी ओ दिली नाही. हॉलमध्ये सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते, आणि नॉर्बर्टच्या छातीत जे काही उडी मारून गेलं त्याची त्याला आजही लाज वाटते.

वॉल्टर कार्वोनेन यांची अध्यक्षपदी एकमताने निवड झाली. त्यांनी हरकत घेतली नाही.

एवढा कार्यक्षम अध्यक्ष क्लबाला पूर्वी लाभला नव्हता हे कबूल केलं पाहिजे. सभा वेळेवर सुटू लागल्या. भाषण नाही, रुसवाफुगवा नाही, कुणाच्या बाजूने बोलणं नाही. त्यांच्याच कारकिर्दीत सभासदत्वाच्या अटी सैल करण्याचं रखडलेलं कामही तडीला गेलं. पूर्वी सभासदाकडे स्वतःची गाडी लागे. मग नुसतं गावात घर पुरे झालं. मग नुसती आवड. आता असं ठरलं, की जो कोणी क्लबाची हकिगत मध्येच उठून न जाता शेवटपर्यंत ऐकेल तो आपोआप सभासद. अट सोपी वाटते. पण विम्याचा एजंट उठला, विस्कॉन्सिनहून आलेलं जोडपं उठलं, आणि रेचा सख्खा मेव्हणा तर पंगू म्हणून चाकाच्या खुर्चीत होता, तोही त्या रात्री घरी चालत गेला असं रे सांगतो.

घोडं अडलं ते हस्तांदोलनापाशी.

क्लबाचा रस्ता लोकांच्या खाजगी शेतांतून जातो आणि त्याला कागदबिगद काही नसतो. दर वर्षी शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आत अध्यक्ष पाय घेऊन प्रत्येक शेतमालकाकडे जातो. पाय म्हणजे फळं भरलेली गोड कचोरी, परातीएवढी. स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायची, गुडघेदुखी, अस्वलं, पोरांची लग्नं, सगळं बोलायचं, रस्त्याचं अवाक्षर काढायचं नाही. निघताना टोपी घालता घालता “मग, यंदाही?” म्हणायचं आणि हात पुढे करायचा. मालकाने तो धरला की रस्ता खुला. नाही धरला तर दुसऱ्या दिवशी झाडावर पाटी आणि फाटकाला साखळी. तळं आणि पूल यांच्या मध्ये कार्वोनेनचं गवताचं शेत आहे. ते बंद झालं तर टॅमरॅकचा रस्ता राज्याच्या नकाशावरून पुसला जाणार, सरकार आपलं यंत्र उचलून शेजारच्या बर्च पॉइंटच्या क्लबाला देणार, आणि बर्च पॉइंटवाले ते हसत हसत घेणार. यातलं शेवटचं सभासदांना सर्वांत झोंबत होतं.

विद्यमान अध्यक्षांना जाणं शक्य नसल्याने माजी अध्यक्ष गेले.

वॉल्टरची बायको आयली, वय ऐंशीच्या पुढे, तिने नॉर्बर्टला बसवलं, कॉफी दिली, वेलचीचा पाव कापून पुढे ठेवला. त्याने आणलेला पाय तिने न बघताच फ्रीजवर ठेवून दिला. गुडघे झाले, अस्वलं झाली. नॉर्बर्ट उठला, टोपी घातली आणि म्हणाला, “मग आयलीबाई, यंदाही?”

आयलीबाईंचे हात ॲप्रनच्या खिशातून बाहेर आले नाहीत.

“अध्यक्ष कोण आहे सध्या?” त्यांनी विचारलं.

नॉर्बर्टने टोपी काढली. खोटं बोलावं असं त्याच्या मनात येऊन गेलं, पण गाव लहान. “वॉल्टर,” तो म्हणाला.

“ऐकलं होतं मी. म्हटलं तुझ्या तोंडून ऐकावं.” त्या हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. “शेत माझ्या बापाचं, पोरा. माझ्या नावावर आहे. इतकी वर्षं तुम्ही लोक माझ्याच स्वयंपाकघरात यायचात आणि वॉल्टरचा हात धरायचात. मी कॉफी ओतत असायचे. मला एकदाही कुणी विचारलं नाही. त्यानेसुद्धा नाही. आता तो अध्यक्ष झालाय ना? मग येऊ दे त्याला. विचारू दे मला.”

नॉर्बर्ट परत खाली बसला. मोठ्या संस्थांच्या इतिहासात असे क्षण येतात तेव्हा चौकशी समिती नेमतात, पण इथे माणूस एकच होता आणि समोर पाव होता. “चूक झाली आमची, आयलीबाई,” तो म्हणाला. “तुमच्या हातची कॉफी प्यायलो आणि हात मात्र दुसऱ्याचा धरला.”

“कॉफी कशी होती, तेही कधी सांगितलं नाहीत.”

“चांगली होती.”

“ते माहितीये मला,” आयलीबाई म्हणाल्या. “जिवंत अध्यक्ष घेऊन या. मला विचारा. मग बघू.”

शिकारीचा हंगाम सुरू होण्याच्या सकाळी क्लबाची तातडीची सभा आयलीबाईंच्याच स्वयंपाकघरात भरली, कारण अध्यक्षांच्या राहत्या घरी सभा घेणं सोयीचं. हजेरी शंभर टक्के. एरवी त्या सकाळी या मुलुखात नवरामुलगासुद्धा मांडवात सापडत नाही, सगळे बंदूक घेऊन जंगलात असतात. पण हरीण पुढच्या वर्षीही असतं आणि अध्यक्षपद आलं की जन्माचं. पहिल्या ठरावाने वॉल्टरना, ते स्वतःच्याच घरी हजर आहेत असं धरून, पदमुक्त करण्यात आलं आणि पटावरूनही कमी करण्यात आलं. त्यांनी मौन पाळलं, ते संमती म्हणून नोंदवलं. दुसऱ्या ठरावासाठी डेलने हजेरी घेतली. सगळे हजर. डेलने पुन्हा घेतली. रेने टेबलाखाली वाकून पाहिलं.

खिडकीबाहेर जोॲन गाडीत बसली होती. मागच्या सीटवर दोन बॅगा होत्या, तिची आणि त्याची. इंजिन चालू होतं.

नॉर्बर्ट त्या दोन बॅगांकडे बघत राहिला. खूप वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका सकाळी, या शेतातून पुढे देवदारांत शिरताना जोॲन बर्फावरच्या गाडीवर त्याच्या मागे बसली होती. दोन्ही हात त्याच्या कंबरेभोवती, हनुवटी खांद्यावर. रस्ता नुकताच इस्त्री केलेला, फांद्या बर्फाने वाकलेल्या, आणि त्या दोघांच्या आधी तिथून कुणीही गेलेलं नव्हतं. क्लब, समित्या, यंत्र, खुर्ची, सगळा खटाटोप त्या एका सकाळसाठी चालला होता, हे त्याला आता कळलं. ती सकाळ साखळी लावून बंद व्हावी हे त्याला सोसेना. तो स्वतःचं नाव सुचवायला हात वर करू लागला.

“हात खाली घे, नॉर्बर्ट,” आयलीबाई ओट्याजवळून म्हणाल्या. “ती थांबलीये तुझ्यासाठी. तळं नाही थांबत, बर्फ नाही थांबत. जी थांबलीये तिच्याबरोबर जा.”

हात अर्ध्यावर राहिला. मग त्याच हाताने त्याने खुंटीवरचा कोट काढला. सभेतून कुणी मध्येच निघून गेलं तर ती गैरहजेरी धरावी का, असा प्रश्न रेने तत्परतेने उपस्थित केला. आयलीबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो तितक्याच तत्परतेने मागे घेतला. बाहेर गाडीचं दार वाजलं आणि गाडी दक्षिणेकडे गेली.

मागे राहिलेल्यांनी मग चटकन निर्णय घेतला. जवळपासची सगळी माणसं हकिगत ऐकता ऐकता उठून गेली होती. तेव्हा हकिगत दूर पाठवावी, जिथे बर्फच पडत नाही अशा मुलुखात, तिथल्या लोकांच्या भाषेत लिहून. ज्यांनी बर्फ पाहिलेला नाही ते कौतुकाने शेवटपर्यंत वाचतील, असा हिमसमितीचा अंदाज होता, आणि बर्फ सोडून इतर बाबतींत या समितीचे अंदाज सहसा चुकत नाहीत. तोवर आयलीबाईंनी मुदत दिली आहे, पहिला टिकाऊ बर्फ पडेपर्यंत. म्हणजे घाई नाही, असं डेलने नोंदवून घेतलं.

वाचकहो, आपण मध्येच उठला नाहीत. क्लबाच्या वतीने आपलं मनःपूर्वक स्वागत.

आता जरा आठवून सांगा, त्या सकाळच्या सभेला आपण कुठे होतात?

निवड एकमताने झाली आहे. राजीनामा द्यायचा असेल तर तो अध्यक्षांकडे, म्हणजे आपल्याकडेच, द्यावा. आयलीबाईंनी कॉफी ठेवली आहे. जाताना पाय न्या, पण ब्लूबेरीचा नको, तो त्या स्वतः उत्तम करतात. गुडघ्यांची चौकशी करा, कॉफी चांगली झाली आहे हे तोंडाने सांगा, आणि टोपी घालता घालता हात पुढे कराल तो त्यांच्यापुढे करा. भिंतीवरच्या वॉल्टरच्या फोटोपुढे नको.