चौकोन क्रमांक दोनशे आठ

धोका हा माती, पाणी किंवा हवेत असतो, हा अडाणी समज आहे. धोका नकाशात असतो. म्हणूनच पिकांवरच्या विषारी फवारणीने कुठल्या गावच्या पाण्याला किती धोका आहे, हे दाखवायला सरकारने एक स्वतंत्र कार्यालय उघडलं आणि त्यात एक नकाशेवाला नेमला.

नकाशेवाला मान मोडून काम करणारा. त्याने सगळ्या मुलखाचे चारशे बारा चौकोन पाडले. विहिरीच्या पाण्याच्या नमुन्यात दोष निघाला तर चौकोन लाल, नाहीतर हिरवा. आणि नमुनाच घेतला नसेल तर? नियमावली याबाबतीत फार समंजस आहे: दोष निघालेला नाही, सबब हिरवा.

पहिल्या वर्षी जीप एकोणीस चौकोनांत गेली. (डांबरी रस्ता तेवढ्यातच होता. बरा चहाही.) त्यातले सतरा लाल निघाले. तरी मुलूख शहाण्णव टक्के सुरक्षित ठरला, आणि ते गणिताला धरूनच होतं. पण मोठ्या साहेबांचं समाधान होईना. त्यांनी नकाशा उभा-आडवा न्याहाळला आणि शोध लावला, की जिथे नमुन्याची बाटली गेली तिथेच लाल रंग उमटला. म्हणजे खोट बाटलीत होती. बाटल्या कपाटात गेल्या, किल्ली साहेबांच्या खिशात.

"विषाची परीक्षा पाहू नये म्हणतात, ते उगाच नाही," साहेब म्हणाले.

दुसऱ्या वर्षी चारशे बाराही चौकोन हिरवे झाले. नकाशेवाल्याला प्रशस्तिपत्रक मिळालं. रंग कुठेही रेषेबाहेर गेला नाही, असा त्यात खास उल्लेख आहे.

मग एके दिवशी दुपारी ताईचा फोन आला. आईमागे त्याला लहानाचं मोठं केलं ते या ताईने. तिची विहीर शेतांच्या मधोमध. यंदा विहिरीत बेडूक पोट वर करून तरंगत होते, पाण्याला औषधाचा वास येत होता. घरात सून पोटुशी, म्हणून विचारतेय, म्हणाली.

नकाशेवाल्याने नकाशावर ताईचं गाव शोधलं. चौकोन क्रमांक दोनशे आठ. पहिल्या वर्षी तिकडच्या वाटेवर चिखल होता आणि "जाऊ दे, हिरवा लिही" हे त्याने स्वतःच म्हटलं होतं.

"ताई, ते पाणी पिऊ नका. लांबून आणा."

"अरे, पण कचेरीच्या भिंतीवर नकाशा लावलाय. आपला चौकोन हिरवा आहे. कुणी काढलाय तो?"

"मीच."

"मग झालं तर. तू काढलायस म्हटल्यावर मी कशाला जिवाला घोर लावून घेऊ?"

मी तिथे आलोच नव्हतो, एवढं एकच वाक्य सांगायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं, पण समोर साहेब बसले होते. ताईने फोन ठेवला. त्याला स्वतःची लाज वाटली. (नियमावलीत लाजेचा रकाना नाही.) त्याने चाचरत कपाटाची किल्ली मागितली. साहेबांनी कारण विचारलं, तो म्हणाला, घरगुती. घरगुती कामासाठी सरकारी बाटली मिळत नाही. संध्याकाळी ताईचा पुन्हा फोन आला: सुनेचीही भीती गेली, आता पोटभर पाणी पितेय.

वाचकांनी मात्र काळजी करू नये. तुमच्या नळावर, विहिरीवर, हापशावर कुणी बाटली घेऊन आल्याचं आठवतं का? नाही ना? मग तुम्हीही हिरव्यातच आहात. घोटभर पाणी प्या आणि निवांत व्हा.