काळांची वतने आणि विसाजीपंतांचा पानमळा

श्री गणराय प्रसन्न, कुलस्वामी सावध. शके सतराशे सत्तेचाळीस, पार्थिवनाम संवत्सर, ते साली एका राज्यात इंग्रजी क्रियापदांची वतने वाटली गेली, त्याची ही हकिकत. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लिहिले नाही तरी चार राज्ये 'हे आमचेच' म्हणून भांडत येतील, आणि लिहिले तर पाचवे येईल. लेखकाने पदरची मीठमिरची घातली आहे, ती न घालावी तर बखर लिहावी कशास.

ते समयी टोपीकरांचा अंमल चहूकडे बसला आणि त्यांचे खलिते दरबारी येऊ लागले, आणि दुभाष्या ठेवणे म्हणजे उसन्या तोंडाने जेवणे, ऐसे महाराजांचे मनी येऊन त्यांनी विसाजीपंत टोकेकर यांस बोलावून आज्ञा केली की, सारा दरबार इंग्रजी बोलता करावा. हे विसाजीपंत तरुणपणी सुरतेस कारकुनी करून ती विद्या शिकले होते, आणि आता गावच्या तळ्याखाली त्यांचा पानमळा होता, आणि त्या वेलींवर त्यांचा मोठा जीव, कारण देवाने पोटी लेकरू दिले नव्हते. मग पंतांनी सदरेवर बैठक मांडून सांगितले की, इंग्रजीत 'बी' म्हणोन एक क्रियापद आहे, तो त्या मुलुखीचा राजा, स्वतःपुढे 'ॲम', परक्यापुढे 'इज', जमावापुढे 'आर', आणि दिवस मावळला की 'वॉज' ऐसे पोशाख बदलितो. बाकीची रयत गरीब, कालचे सांगणे जाहले की शेपटीस 'ड' लावून मुकाट उभी राहते. परंतु 'गो' ऐसे काही मस्तवाल आहेत, ते कालचे दिवशी 'वेंट' ऐसा दत्तक आणून बसवितात आणि कोणी जाब विचारीत नाही. हे ऐकोन दरबारी मंडळी डोलू लागली, आणि विद्या किती शिरली हे देव जाणे, परंतु सर्वांचे मुखी एकच प्रश्न आला की, यात मान कोणाचा आणि वतन कोणाचे?

आपल्या राज्याची रीतच ऐसी की, होळी पेटविण्याचे वतन वेगळे, ती विझविण्याचे वेगळे, आणि राखेवरून भांडण्याचा हक्क मात्र सर्वांस. मग काळांची वाटणी जाहली. हैबतराव जुने घराणे, पूर्वजांखेरीज दुसरी गोष्ट बोलत नसत, त्यांस भूतकाळ दिधला, जोशीबोवांस भविष्य, दिवाणजी कधी सरळ उत्तर देत नसत, त्यांस 'इफ' आणि 'वुड' यांचा सारा प्रांत, पुरोहितांस आशीर्वादाचा 'मे', आज्ञार्थ खाशा महाराजांचा, आणि वर्तमानकाळ सर्जेरावांस, कारण ते शिकारीहून परतले तेव्हा दुसरे काही उरले नव्हते. एकाने दुसऱ्याचे काळात तोंड घालू नये, घातल्यास जबर दंड, ऐसे ठरले. सनदांचा मजकूर विसाजीपंतांनीच मोठ्या हौसेने रचला. घरी येऊन कुटुंबास, म्हाळसाबाईंस, सांगितले, तेव्हा बाई म्हणाल्या की, तुम्हास कोणता काळ मिळाला? पंत म्हणाले, मी शिक्षक, मला कसला? बाई पाने पुसत राहिल्या.

पुढे 'हॅज बीन' यावरून तंटा लागला. काम काल सुरू जाहले आणि आजपावेतो चालले, तर ते रान कोणाचे? हैबतराव म्हणत मूळ आमचे, सर्जेराव म्हणत शेवट आमचा, आणि पंचायतीने शीव ठरविताना हैबतरावांस विडा आधी दिला, तेणेकरून सर्जेराव रुसून घरी बसले आणि राज्याचा वर्तमानकाळ तोंडावर उशी घेऊन निजला.

ऐशात टोपीकर साहेब घोडदळ घेऊन आला, आणि त्यास घोड्यांसाठी तळे पसंत पडले. छावणी पडली म्हणजे तळ्याचा पाट बंद आणि पानमळा गेला, हे विसाजीपंतांनी जाणले. साहेब सदरेवर येऊन पुसता जाहला की, हे तळे कोणाचे? कोणाचे असेल तर हात लावीत नाही. मग हैबतराव उठले आणि 'वॉज' म्हणत आजोबांपासोन निघाले, ते 'हॅड बीन' म्हणत खापरपणज्यापावेतो मागे गेले. जोशीबोवांनी 'विल बी' म्हणोन चंद्रसूर्याची ग्वाही दिली. दिवाणजी म्हणाले 'इफ', आणि पुढचे विसरले. पुरोहितांनी 'मे' म्हणोन अक्षता टाकिल्या, त्या साहेबाचे चहात पडल्या. आणि महाराजांनी 'सिट' ऐसी आज्ञा केली, साहेब तो आधीच बसला होता. साहेब म्हणाला, काल होते आणि उद्या असेल, हे समजले. आज कोणाचे? वर्तमानाचा वतनदार तर घरी रुसलेला. सर्जेरावांकडे जासूद धावला, तो निरोप घेऊन आला की, आधी विडा. साहेबाने छावणीचा हुकूम लिहावयास घेतला, आणि पंतांस डोळ्यांपुढे वेली सुकलेल्या दिसू लागल्या, आणि सनद आपणच रचिली हे ठाऊक असता ते उठोन उभे राहिले आणि म्हणाले, "इट इज अवर्स, साहेब."

साहेबाने मान हालविली, कागद फाडिला आणि घोडी पुढले गावी नेली. तळे वाचले. दरबारात सारे हर्षले, परंतु घटकाभरच. कारण सर्जेराव उशी टाकून धावत आले की, माझे वतनात हा शिरला कसा? पंचायत बसली, आणि पंचांनी कबूल केले की उपकार मोठा, परंतु उपकार वेगळा आणि वतन वेगळे; यास्तव दंड म्हणोन पानमळा सर्जेरावांस द्यावा. ज्या मळ्यासाठी पंतांनी तोंड उघडिले तो तोंड उघडिल्यामुळेच गेला, आणि पंत त्या दिवशी जेवणाचे पाटावरून न जेवताच उठले.

चार महिन्यांनी साहेबाचा खलिता आला की, ते दिवशी बोलला तो गृहस्थ चांगला दिसला, त्यास आमचे कचेरीत चाकरी देतो, तो कोठे आहे? आता जवाब द्यावा तर 'इज' लिहिणे आले, आणि सर्जेराव म्हणाले की, त्या माणसासाठी माझा काळ खर्चणार नाही. मग हैबतरावांनी आपले वतनातून लिहून धाडिले की, 'ही वॉज अ गुड मॅन.' साहेब हळहळला, आणि त्याने विधवेस म्हणोन एक काळी शाल पाठविली.

साहेबाची वस्तू परत कैसी करावी, ही भीती. म्हणोन भर सदरेत म्हाळसाबाईंस बोलावून शाल पुढे ठेविली. पंत मागे खांबाशी उभे होते. त्यांस इंग्रजीचे सारे काळ येत होते, त्यांपैकी एकही तोंडातून फुटेना. बाईंनी शालीस हात लाविला नाही. कपाळीचे कुंकू दिसेल ऐसा पदर मागे सारिला आणि महाराजांकडे पाहून म्हणाल्या, "माझे घरी माणूस आहे. आहे म्हणायला मला कोणाची सनद लागत नाही. चला हो, भात निवतोय."

आणि पंत निघाले, आणि त्यांस कोणी अडविले नाही.

एवंच तळे राहिले, मळा गेला, माणूस घरी आला. शाल सरकारजमा जाहली, आणि ती हैबतरावांनी पांघरावी की सर्जेरावांनी, याचा निवाडा अद्याप चालू आहे. खरेखोटे श्री जाणे, पोथी बांधली.