शकूआक्कांच्या बातम्या घाट चढतात

शकूआक्का रेडिओवर बातम्या सांगायला बसल्या की आधी टेबलावरच्या स्टीलच्या पेल्यावर पेनानं दोन टोले मारतात. टिंग टिंग. एसटीत कंडक्टरनं डबल बेल मारल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, तशी पेल्यावर बेल मारल्याशिवाय आक्कांची बातमी हलत नाही. सगळी नोकरी त्यांनी कोल्हापूर-पन्हाळा गाडीवर कंडक्टर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर गडावरच्या आमच्या छोट्या रेडिओ केंद्रावर आल्या. खाकी उतरली, बेल तेवढी राहिली.

केंद्र चालवायचं काम माझ्याकडं आहे. म्हणजे यंत्र बिघडलं तर दुरुस्त करायचं आणि आक्का काही बोलल्या तर लोकांची माफी मागायची. पहिलं काम क्वचित निघतं.

साऱ्या जगात मोठी बातमी आधी सांगतात. आक्कांना हे मान्य नाही. त्यांच्या बातम्या त्यांच्या जुन्या गाडीसारख्या कोल्हापूरच्या शिवाजी पुलावरून निघतात, केर्लीला थांबतात, वाघबीळला थांबतात आणि घाट चढून गडावर येतात. एकदा गडावर मंत्री आले होते. आक्कांनी आधी केर्लीतल्या हरवलेल्या म्हशीची बातमी दिली, मग वाघबीळच्या फुटक्या पाइपलाइनची, आणि मंत्री सगळ्यात शेवटी. मंत्र्यांच्या माणसाचा फोन आला. मी घ्यायच्या आत आक्कांनी तो घेतला.

"पावणं, तुमचं सायेब कुठं आल्यात? गडावर न्हवं? मग गड आला की सायेब येत्यात. मधीच घाटात कसं उतरवू त्यास्नी?"

फोन ठेवून माझ्याकडं वळल्या. "तू कशाला घाम पुसतोस रं? मी काय वंगाळ बोललो?"

लोकांना मात्र हा क्रम पसंत आहे. केर्लीचे लोक आपलं गाव झालं की रेडिओ बंद करतात आणि वर फोन करून सांगतात, "आक्का, आमी उतरलो बरं का!"

मुलाखतींची तऱ्हा आणखी वेगळी. पाहुणा खुर्चीत टेकतो न टेकतो तोच "पुढं सरका, पुढं सरका, माईक मोकळाच हाय" अशी आरोळी येते. एका हॉटेलमालकांनी पर्यटनावर बोलायला सुरुवात केली, ती काही थांबेना. आक्कांनी थोडा वेळ दम धरला आणि म्हणाल्या, "मालक, जरा सुट्टं बोला. पाचशेची नोट काढू नगा, मागं लोकं खोळंबल्यात." मालकांनी घाईघाईनं दोन वाक्यांत मुलाखत उरकली. ती फार चांगली झाली असं त्यांच्या बायकोनं मला नंतर सांगितलं.

पुण्याचं एक जोडपं आलं होतं. इथलं धुकं फार सुंदर आहे, असं त्यातली बाई म्हणाली. आक्का कळवळून म्हणाल्या, "बाई, जाताना थोडं घिऊन जावा की. आमची कापडं चार दिस झालं वाळंनात."

या धुक्यानंच एकदा माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

माझे वडील, आण्णा, खालच्या गावात शाळामास्तर होते. रोज आक्कांच्या गाडीनं शाळेला जायचे नि यायचे. अलीकडं त्यांना विसर पडायला लागला आहे. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची, मग माझं. एका पावसाळी दुपारी ते घरातून निघून गेले. माझी बायको सुनंदा हिचा फोन आला. शेजारीपाजारी तळ्यापाशी, तटावर, तीन दरवाजाकडं धावले. धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. गडाला चहूबाजूंनी कडे आहेत. अंधार पडायच्या आत आण्णा सापडले नाहीत तर काय, हा विचारसुद्धा मला पुरा करवेना.

संध्याकाळच्या बातम्यांची वेळ झाली होती. मी निवेदन लिहिलं. वय, उंची, रंग सावळा, अंगात पांढरा सदरा. आक्कांनी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं.

"ह्या धुक्यात सदरा कुणाला दिसतोय रं? गुरुजींस्नी कानानं ऐकू येतंय न्हवं?"

"येतंय."

"मग त्यास्नीच सांगू की."

टिंग टिंग झालं. आक्का बोलायला लागल्या. "केर्लीच्या गिरणीवाल्या, गिरण बंद कर आणि रेडिओ रस्त्याकडं तोंड करून लाव. वाघबीळच्या चहावाल्या, तूबी आवाज वाढीव. गडावरच्या समद्यांनी दारंखिडक्या उघडा." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. इतक्या हळू त्यांना बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. "गुरुजी, मी शकू कंडक्टर बोलतोय. तुमी जितं हाय तितंच बसून ऱ्हावा. घाबरू नगा. गाडीला उशीर झालाय, पर गाडी येतीया. मी सोता येतो तुमास्नी न्यायला."

असं त्यांनी प्रत्येक थांब्याला सांगितलं. बाकीच्या बातम्यांना त्या दिवशी गाडीत जागाच मिळाली नाही.

थोड्या वेळानं फोन वाजला. वाघबीळचा चहावाला होता. "गुरुजी हितं माज्या बाकड्यावर बसल्यात. शाळंला निघालोय म्हणत हुते. वडापच्या जीपवाल्यानं आणून सोडलं जणू. ऱ्हस्ता वलांडून पल्याड चाललेवते, पर रेडिओ ऐकला आन् बसलं. आता उठंनात."

मी मोटरसायकलवरून घाट उतरलो. आण्णा बाकड्यावर मांडीवर हात ठेवून शहाण्या मुलासारखे बसले होते. मी म्हणालो, "आण्णा, चला घरी."

"आपण कोण?" त्यांनी अदबीनं विचारलं. "मला बाईंनी थांबायला सांगितलंय. त्या येणार आहेत."

मी विनवण्या केल्या, चहावाल्यानं केल्या. आण्णा ढिम्म. शेवटी आक्कांना फोन केला, तर त्या खाली येणाऱ्या गाडीत बसलेल्याच होत्या. गाडीतून उतरल्या, पदर खोचला आणि आण्णांसमोर उभ्या राहिल्या.

"किती उशीर हा, बाई!" आण्णा रागावले.

"चुकलं गुरुजी," आक्का म्हणाल्या. मंत्र्याच्या माणसालाही कधी न म्हटलेला शब्द त्यांनी तिथं सहज उच्चारला. आण्णा लगेच उठले.

माझा बाप त्या दिवशी मला परत मिळाला तो या बाईमुळं. तोंडानं हे सांगायला गेलो की त्या "सर पल्याड" म्हणून हाकलतात, म्हणून इथं लिहून ठेवतो. त्यांचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत, आणि ते फिटावेत असं मला वाटतही नाही.

मोटरसायकल चहावाल्याकडं ठेवून मीही त्यांच्याबरोबर वर जाणाऱ्या गाडीत चढलो. आण्णा खिडकीशी, शेजारी आक्का, मागच्या सीटवर मी. घाटात बसून प्रवास करायची आक्कांना सवयच नव्हती. हात कुठं ठेवावेत ते त्यांना समजेना. शेवटी त्यांनी आण्णांचा हात धरला आणि गड येईपर्यंत सोडला नाही.

पन्हाळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली. मी आण्णांना धरून खाली घेतलं. आक्का सगळ्यांना आधी उतरू देत दाराशी थांबल्या. एवढ्यात आण्णा मागं वळले.

"बाई, तुम्ही कुठं उतरणार?"

  स्टँडच्या मागं आक्कांची एक खोली आहे. तिथं त्यांची वाट बघणारं कुणी नाही. पायरीवर उभ्या राहून त्यांनी दाराची दांडी धरली.

"ह्ये आजपतूर कुणी इचारलंच न्हाय गुरुजी मला," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"मग आमच्यात चला," माझं नाव विसरलेले माझे वडील म्हणाले. "आमची सून भात चांगला करते."

त्यांनी आपला हात पुढं केला. आक्का तो धरून उतरल्या.